फैजपूर कसबा आणि परिसर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बदलीवर आलेले कर्मचारी, महाविद्यालयात प्रवेश घेणारी मुले, १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचा अभ्यास करणारे संशोधक आणि सोयरिकीच्या निमित्ताने गावाची चौकशी करणारी मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसे आहेत.

फैजपूर नेमके कोठे आहे?

फैजपूर हे जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात, म्हणजे खानदेशाच्या ईशान्य भागात वसलेले गाव आहे. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला तापी नदी यांच्यामध्ये काळ्या, खोल गाळाच्या जमिनीचा जो पट्टा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे, त्याच्या मध्यावर ते येते. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हा जुना मार्ग चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा गावे जोडत जातो आणि फैजपूरची बाजारपेठ त्याच मार्गाच्या आधाराने वाढली आहे. सावदा इतके जवळ आहे की बाहेरचा माणूस दोन्ही नावे एका दमात घेतो. दोन्ही गावांतील माणसांना मात्र ते फारसे रुचत नाही.

फैजपूरला गाव म्हणावे की शहर?

नगरपालिका असल्यामुळे कागदोपत्री ते शहर आहे, परंतु त्याचा स्वभाव कसब्याचा आहे. कसबा म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांच्या गरजा भागवणारे गाव, आणि फैजपूरचे काम आजही तेच आहे. न्हावी, आमोदे, बामणोद, पाडळसे, हिंगोणे, खिरोदा अशा गावांतून माणसे सकाळी येथे येतात आणि बियाणे, औषधे, मोटारीची दुरुस्ती, कापड, दवाखाना, बँक अशी सगळी कामे उरकून दुपारच्या बसने परत जातात. दुपारी दोननंतर बाजारपेठेत उभे राहिले तर गावाची स्वतःची वस्ती किती आणि बाहेरची वर्दळ किती, हे चटकन लक्षात येते.

एक गोष्ट नवख्या माणसाला गोंधळात टाकते. तालुक्याचे ठिकाण यावल आहे, तरी यावल आणि रावेर या दोन्ही तालुक्यांसाठीचे प्रांत कार्यालय फैजपूरला आहे. त्यामुळे सातबाऱ्यासारख्या कामासाठी यावल आणि त्यावरील अपिलासाठी फैजपूर, असा उलटा प्रवास घडतो.

गावाच्या नावाचा अर्थ काय?

‘फैज’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द असून त्याचा अर्थ कृपा किंवा लाभ असा होतो. बऱ्हाणपूर आणि थाळनेर येथून फारुकी सुलतानांनी खानदेशावर राज्य केले आणि त्यानंतर मोगलांची सत्ता आली. या परिसरातील अनेक गावांची नावे त्या काळाची आठवण ठेवून आहेत. एकोणिसाव्या शतकात हे गाव सुती कापडाच्या रंगाईसाठी नावाजलेले होते. आज तो व्यवसाय राहिलेला नाही.

१९३६ चे काँग्रेस अधिवेशन फैजपूरलाच का झाले?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे. काँग्रेसची वार्षिक अधिवेशने तोपर्यंत मुंबई, कलकत्ता, लाहोर, कराची, लखनौ अशा शहरांत भरत असत. देशातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहत असताना त्यांच्या नावाने चालणारी सभा मात्र शहरी मंडपात भरावी, हे महात्मा गांधींना खटकत होते आणि अधिवेशन खेड्यात न्यावे, असा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्राच्या वाट्याला अधिवेशन आले, तेव्हा पूर्व खानदेशातील कार्यकर्त्यांनी ही जबाबदारी अंगावर घेतली. त्यांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. साने गुरुजींनी त्यासाठी जिल्ह्यात गावोगाव फिरून प्रचार केला आणि स्वयंसेवक मिळवले.

डिसेंबर १९३६ च्या अखेरीस भरलेले हे काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन आणि ग्रामीण भागात भरलेले पहिले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील लखनौ अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. अधिवेशनासाठी उभारलेल्या वसाहतीला ‘टिळकनगर’ असे नाव देण्यात आले. तिची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी केली, आणि ती करताना बांबू, गवत, चटया अशा खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंखेरीज दुसरे काही वापरायचे नाही, असा संकेत पाळला. गांधीजींनी खादी आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन केले आणि आपल्या भाषणात या कामाचा मुद्दाम गौरव केला. अध्यक्षांची मिरवणूक बैल जुंपलेल्या रथातून निघाली होती. ज्या पट्ट्यात बैलजोडीवरून घराची पत जोखली जाई, तेथे ही गोष्ट लोकांच्या किती पिढ्या लक्षात राहिली असेल, हे वेगळे सांगायला नको.

अधिवेशनाचे महत्त्व मात्र केवळ रथात आणि बांबूच्या कमानींत नव्हते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याला विरोध आणि संविधान सभेची मागणी हे ठराव येथे झालेच. त्याबरोबरच शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. शेतसारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या छोट्या जमिनींना सूट द्यावी, शेतकऱ्याच्या कर्जाचा भार हलका करावा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी मिळावी आणि शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता असावी, अशा मागण्या त्यात होत्या. पुढच्याच वर्षी प्रांतिक निवडणुका व्हायच्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कार्यक्रमाचे वजन कळते. आमच्या मते फैजपूरच्या माणसाने पाहुण्याला रथाच्या आधी हा कार्यक्रम सांगायला हवा. सहसा तसे होत नाही.

अधिवेशनाची वास्तू पाहता येते का?

नाही. टिळकनगर काही दिवसांसाठी उभारले होते आणि काम झाल्यावर ते उतरवले गेले. बांबू आणि गवत यांची वास्तू नव्वद वर्षे टिकावी, अशी अपेक्षा धरून येणाऱ्याची निराशा होते.

गावात कोणकोणते समाज राहतात?

फैजपूर आणि आसपासच्या खेड्यांत लेवा पाटीदार समाजाची मोठी वस्ती आहे. यावल, रावेर, भुसावळ या तालुक्यांतील केळीची शेती बहुतांशी याच समाजाच्या हाती वाढली. या समाजाची भोरगाव लेवा पंचायत जवळच्या पाडळसे येथे असून तिच्या प्रमुखाला ‘कुटुंबनायक’ म्हणतात. कोर्टात जाण्याआधी घरगुती तंटा पंचायतीसमोर ठेवण्याची रीत अनेक कुटुंबांत आहे. चौधरी आणि पाटील ही आडनावे तर एका गल्लीत इतकी असतात की पत्ता विचारताना आजोबांचे नाव किंवा घराण्याचे टोपणनाव सांगितल्याशिवाय घर सापडत नाही.

गाव जुना कसबा असल्याने मुस्लिम वस्तीही जुनी आहे आणि व्यापारात व कारागिरीत तिचा मोठा वाटा आहे. याखेरीज गुजर, माळी, कोळी, राजपूत, बौद्ध, मातंग, वाणी, मारवाडी अशा अनेक समाजांची घरे परिसरात आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत तडवी भिल्ल राहतात. तडवी हे आदिवासी असून धर्माने मुस्लिम आहेत आणि त्यांच्या चालीरीतींत दोन्ही वारसे एकत्र नांदतात, त्यामुळे माणसांना एका खणात बसवू पाहणाऱ्याची येथे पंचाईत होते. त्याहून वर, डोंगरात, पावरा समाजाचे पाडे आहेत. बागांतील कामाला पायथ्याची आणि डोंगरातली माणसे मोठ्या संख्येने येतात. केळीच्या समृद्धीची गोष्ट सांगताना बागायतदाराचे नाव नेहमी पुढे असते. घड खांद्यावर वाहणाऱ्याचे नाव त्या गोष्टीत क्वचितच येते, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवले आहे.

गावातील सतपंथ मंदिर आणि खंडोबावाडी ही देवस्थाने परिसरात मान्यता असलेली आहेत.

येथे अहिराणी बोलतात का?

बाहेरच्यांचा हा एक रूढ समज आहे. अहिराणी ही मुख्यतः धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुक्यांची बोली. फैजपूरच्या बाजूला लेवा गणबोली बोलली जाते आणि तिचा कल वऱ्हाडीकडे जास्त आहे. ‘मला, तुला’ याऐवजी ‘मले, तुले’ आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ या दोन खुणा लगेच ओळखू येतात. आभाळाचे ‘आभाय’ होते, डोळ्याचा ‘डोया’ होतो आणि ज्या पिकावर गाव जगते त्या केळीची ‘केयी’ होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता याच बोलीतली. शाळेत ‘ळ’ घोटून आलेले मूल घरी आजीशी बोलताना सहज ‘य’वर येते, आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले फोनवर आईशी बोलू लागली की शेजारचा सहकारी चमकून पाहतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

केळी येथे इतकी का पिकते?

खोल गाळाची जमीन, विहिरींचे पाणी आणि माल लांब पाठवण्याची रेल्वेची सोय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील सावदा, निंभोरा आणि रावेर या स्थानकांवरून केळी दिल्लीकडे जाऊ लागली आणि खानदेशी केळीला उत्तर भारताची बाजारपेठ मिळाली. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

लागवडीचे मुख्य हंगाम दोन : जून-जुलैतील मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेला कांदेबाग. पूर्वी बसराईसारख्या वाणांचे कंद लावत आणि घड हाती यायला दीड वर्ष लागे. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित रोपे आल्यापासून साधारण वर्षभरात कापणी होते. मुख्य झाड कापल्यावर त्याच्या पिलावर दुसरे पीक घेतात, त्याला पिलबाग म्हणतात.

कापणी पाहायची असेल तर पहाटे बागेत जावे. एक जण झाडाच्या बुंध्यावर विळ्याचा असा बेताने घाव घालतो की झाड कोसळत नाही, हळूहळू वाकते. दुसरा खांद्यावर चिंधीची चुंबळ ठेवून खाली उभा असतो आणि घड अलगद तिच्यावर घेतो. फळाला ओरखडा गेला तर तो पिकल्यावर काळा पडतो, म्हणून घड कधी टाकत नाहीत. कापलेल्या दांड्यातून गळणारा चीक आधी पाण्यासारखा दिसतो, पण कपड्यावर सुकला की त्याचा तपकिरी-काळा डाग कशानेही निघत नाही. केळी कापणाऱ्याचा सदरा दुरूनही ओळखू येतो तो त्यामुळे. निर्यातीचा माल असेल तर बागेतच फण्या वेगळ्या करून, धुऊन, खोक्यांत भरतात; देशातल्या बाजाराचा माल केळीच्याच पानांचे थर देऊन ट्रकमध्ये रचतात.

पिकाला शत्रूही आहेत. मे-जूनच्या वादळात घड लागलेली झाडे मधोमध मोडतात, हिवाळ्यात थंडीचा करपा येतो, आणि मावा किडीमार्फत पसरणारा सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला तर झाड उपटून नष्ट करण्यावाचून इलाज राहत नाही. शेतकरी त्याला नुसते ‘व्हायरस’ म्हणतो आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली येतो.

केळीचा भाव कसा ठरतो?

रावेर आणि बऱ्हाणपूर येथील भाव रोज जाहीर होतात आणि सगळा पट्टा त्यांच्याकडे डोळे लावून असतो. भ्रमणध्वनीवर भाव आल्याशिवाय बऱ्याच घरांत सकाळचा दुसरा चहा होत नाही. जाहीर भाव आणि प्रत्यक्ष हातात पडणारा भाव यांत मात्र अंतर असते. मालाची प्रत, तोडीचा दिवस, वजनातील कटती आणि व्यापाऱ्याची त्या दिवसाची गरज यांवर ते अवलंबून राहते. केळी हे साठवून ठेवण्याचे पीक नसल्यामुळे घासाघीस करताना शेतकऱ्याची बाजू आधीच लंगडी असते.

तापीकाठी असूनही पाण्याची टंचाई कशी?

तापीचे पात्र खोल आहे आणि पट्ट्यातील बहुतेक शेती नदीवर नव्हे, भूजलावर चालते. हे भूजल गाळाच्या जाड थरांत साठलेले असते. सातपुड्यावर पडणारा पाऊस ओढ्यानाल्यांतून खाली येतो आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरतो. भूगर्भाचे अभ्यासक या पट्ट्याला ‘बझाडा’ म्हणतात. म्हणजे फैजपूरच्या विहिरीतले पाणी वरच्या डोंगराने पाठवलेले असते. केळीला बारमाही पाणी लागते. विहिरी खोल गेल्या, मग कूपनलिका आल्या, मग त्या आणखी खोल गेल्या, आणि मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा वाढत गेला.

पाण्याची पातळी मोजायला येथे वेगळे उपकरण लागत नाही. पाण्यात सोडलेली मोटार वर काढली की तिच्या मागे जोडलेले पाईप मोजायचे, एवढेच. ‘यंदा दोन पाईप वाढवले’ हे वाक्य पारावर ऐकले, तर ते पाणी चाळीस फूट खाली गेले असे समजावे, कारण एक पाईप सुमारे वीस फुटांचा असतो. ज्या विहिरीत आजोबा पोहायला शिकले, तिच्या तळाशी आता नातवाने खणलेली कूपनलिका आहे, अशी शेते दाखवता येतील.

ठिबकामुळे पाण्याची बचत झाली हे खरे आहे, पण वाचलेल्या पाण्यावर लागवड वाढवली गेली, हेही तितकेच खरे आहे. तापीचे पुराचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यांवाटे नेऊन त्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात मुरवण्याच्या महाकाय पुनर्भरण योजनेची चर्चा परिसरात अनेक वर्षे चालली आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या राज्यांनी तिच्यासाठी करार केला. योजना मोठी आहे. तोवर नाल्यातला गाळ काढणे आणि पावसाळ्यात बंद पडलेल्या विहिरीत गाळलेले पाणी सोडणे, ही कामे शेतकऱ्याच्या हातातली आहेत. जे करतात त्यांना फरक दिसतो.

शिक्षणाची सोय काय आहे?

धनाजी नाना महाविद्यालय १९६१ पासून येथे आहे आणि ते तापी परिसर विद्या मंडळ चालवते. ते जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहे. गावात अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. जवळच्या खिरोद्याला अध्यापक विद्यालयाची आणि चित्रकला शिक्षणाची परंपरा आहे. पुढे राज्याचे शिक्षणमंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झालेले मधुकरराव चौधरी खिरोद्याचे, धनाजी नानांचे पुत्र. शिकलेली मुले गावात किती राहतात, हा प्रश्न वेगळा. केळीच्या घरांतली दुसरी पिढी मोठ्या प्रमाणात पुण्यात आहे.

पाहुण्याने येथे काय खावे?

हिवाळ्यात आलात तर भरीत. त्यासाठी बामणोदची मोठी, हिरवट-पांढरी वांगी नावाजलेली आहेत. ती शेगडीवर भाजत नाहीत. शेतात तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून त्यात भाजतात, सोलतात आणि लाकडाच्या खोलगट भांड्यात हिरव्या मिरच्यांसह ठेचतात. वर कांद्याची पात, लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर आणि हात न आखडता तेल. सोबत ज्वारी आणि उडीद दळून केलेल्या कळण्याची भाकरी किंवा पुरी. टोमॅटो घालून परतलेल्या पदार्थालाही लोक भरीत म्हणतात, त्याबद्दल येथे मतभेद नाहीत : ते भरीत नव्हे.

लग्नकार्यात आणि पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असते. रस्त्याच्या कडेला कच्च्या केळीचे वेफर्स समोर तळून देतात. ते गरम असतानाच घ्यावेत.

मुख्य सण कोणते?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. दिवाळीला न येणारी मुलगीही आखाजीला येते. पोळा आणि चंपाषष्ठीचे भरीत-रोडगेही तितक्याच हौसेने होतात.

कसे आणि केव्हा यावे?

फैजपूरला रेल्वे नाही. भुसावळ जंक्शनला उतरून एसटीने यावे. अंतर वीस-पंचवीस किलोमीटर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि दुपारी बाजारपेठ अक्षरशः झोपते. जाड मातीच्या भिंतींची धाब्याची जुनी घरे त्या उन्हासाठीच बांधलेली होती. त्यांच्या जागी आलेल्या सिमेंटच्या घरांना आता कूलर लागतो.

दिवस हाताशी असेल तर सातपुड्याकडे जावे. यावल अभयारण्य १९६९ मध्ये घोषित झाले आणि त्यातील पाल हे थंड हवेचे ठिकाण रावेर तालुक्यात आहे. आडगावजवळचे मनुदेवीचे स्थान यावल तालुक्यातच, डोंगराच्या कुशीत आहे आणि पावसाळ्यात तेथे धबधबा असतो. जाताना रस्त्यात कोरड्या नाल्यांचे दगडगोट्यांनी भरलेले पात्र लागेल, तेथे क्षणभर थांबावे. वर पाण्याविषयी जे लिहिले आहे, ते पाणी तेथेच मुरते.